तिरोडा : सात ठोके, सहा ठोके

तिरोडा हा शब्द रेमिंग्टन कळफलकावर उमटवायला सात ठोके लागतात. आधी ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग र, त्याला काना, कान्यावर मात्रा, मग शिफ्ट धरून ड आणि शेवटी पुन्हा काना. इनस्क्रिप्ट कळफलकावर हाच शब्द सहा ठोक्यांत पुरा होतो : त, वेलांटी, र, ओकार, ड, काना. फरक एका ठोक्याचा आणि वेलांटीच्या जागेचा. पण या दोन ओळी एकाखाली एक लिहून सावकाश वाचल्या की देवनागरीची दोन निराळी वाचने समोर येतात. रेमिंग्टनने ही लिपी डोळ्यांनी वाचली आहे, इनस्क्रिप्टने कानांनी. दोन्ही वाचने फार बारकाईने केलेली आहेत, आणि तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावात ती एकाच टेबलावर, कधी कधी एकाच माणसाच्या हातांत भेटतात.

संगणक आणि फोन यांच्याविषयी आमच्याकडे सगळ्यांना मत असते. कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला, रॅम किती हवी, ऑफिसातला प्रिंटर कोणता टिकतो, यावर चहाच्या टपरीवर तासभर चर्चा होते. कळफलकावर मात्र कोणी बोलत नाही. खरे तर तहसील कार्यालयाच्या आसपास दिवसभर जे घडते, ते सगळे त्याच्यावरूनच जाते. वारसनोंदीचा अर्ज, धान खरेदी केंद्रावरची नोंद, जातीच्या दाखल्याचे प्रतिज्ञापत्र, रानडुकरांनी बांधीतले पीक उद्ध्वस्त केल्याची तक्रार, ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्रात कामासाठी दिलेला पोराचा अर्ज. शेतकरी टेबलाशी वाकून म्हणतो, ‘भाऊ, सातबाऱ्यावर आहे तसंच नाव टाका जी.’ आणि भाऊ न बघता टाकतात. त्या न बघता टाकण्यात काय काय सामावले आहे, ते उलगडून पाहण्यासारखे आहे.

रेमिंग्टन ही मुळात अमेरिकेतली बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणारी कंपनी. क्रिस्टोफर शोल्स यांचे टंकयंत्र तिने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्याचा पुढे रूढ झालेला सांगाडा इंग्रजीसाठी घडलेला होता : पंचेचाळीसच्या आसपास कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे सगळ्या मिळून नव्वदेक जागा. छापखान्यात देवनागरी जुळवायला तर शेकडो खिळे लागत. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून जुळारी अक्षर, जोडाक्षर, मात्रेसह अक्षर असे खिळे वेगवेगळ्या खणांतून उचलत आले. शेकडो खणांची लिपी नव्वद जागांत बसवायची कशी? ज्यांनी ती बसवली, त्यांनी आधी अक्षरांकडे नुसत्या आकृती म्हणून पाहिले असले पाहिजे. ख, घ, थ, ध, भ, ण, श, ष. या सगळ्यांच्या उजव्या अंगाला एक उभा दंड आहे. आणि काना म्हणजे तरी काय? तोच दंड. मग प्रत्येक अक्षराला वेगळा दंड कशाला द्यायचा? अक्षराचे डावे अंग तेवढे कळेवर ठेवायचे आणि दंड सगळ्यांत मिळून एक. दंड दिला नाही तर तेच अंग जोडाक्षरातले अर्धे अक्षर होते. एका युक्तीने दोन प्रश्न सुटले. लिपीच्या अंगातच ही सोय दडलेली होती, आणि ती दिसणारी नजर खरोखर कसलेल्या कारागिराची आहे.

ही युक्ती आमच्या भागातल्या सर्वांत महत्त्वाच्या शब्दात पाहावी. धान. संगणकावरचा कृती देव हा टंक रेमिंग्टनचीच चाल चालवतो, त्याच्या मांडणीप्रमाणे सांगतो. उजव्या करंगळीने ध चे डावे अंग, मग उजव्या मधल्या बोटाने दंड, लगेच त्याच बोटाने त्याच कळेवर पुन्हा दंड, आणि तर्जनीने न. पहिल्या ठोक्याने ध उभा राहिला, दुसऱ्याने त्याला काना मिळाला. कळ तीच, बोट तेच, दाब तोच, पण एक ठोका अक्षराचे शरीर आहे आणि दुसरा स्वर. कागदावर दोन सारखे दंड उमटतात आणि वाचणाऱ्याला त्यांत कुठेही गोंधळ होत नाही. नवशिक्या इथे हमखास अडखळतो, एक दंड कमी देतो आणि धान चे ‘धन’ होते. हात बसलेला माणूस ते दोन ठोके इतके जुळे देतो की कान देऊन ऐकले तरच दोन आहेत हे कळते.

पण सगळ्या अक्षरांना हा नियम नाही, आणि त्यातच या मांडणीचे शहाणपण आहे. त, न, प, म, स, ल, व, ग, च, ज, ब यांनाही दंड आहे, तरी त्यांना खालच्या जागेवर अख्खे अक्षर दिले आहे आणि शिफ्टवर अर्धे. ही अक्षरे वारंवार लागतात, त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी दोन ठोके मारायला लावणे हाताला परवडणारे नव्हते. कमी लागणाऱ्या अक्षरांच्या माथी दोन ठोके आले. हिशेब चोख आहे, फक्त तो हिंदीकडे थोडा झुकलेला आहे. मराठीत ण किती लागतो! ‘आणि’ या एका शब्दासाठी अ, काना, वेलांटी, ण चे अंग, दंड असे पाच ठोके पडतात. मराठी टायपिस्ट हे ओझे दिवसातून शेकडो वेळा उचलतो. म्हणूनच चांगल्या टायपिस्टच्या ‘आणि’ला एक स्वतःची लकब असते. तो शब्द म्हणून टाकला जात नाही, पाचही ठोके एका श्वासात, एकाच हालचालीत सुटतात. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दाराबाहेर उभे राहून डोळे मिटले तरी कोणाचा हात बसला आहे हे ‘आणि’वरून ओळखता येते.

आता डाव्या करंगळीकडे पाहा. दहा बोटांत ती सर्वांत दुबळ्यांपैकी. तिच्या स्वाधीन काय केले आहे? वरच्या ओळीत ऱ्हस्व उकार, मधल्या ओळीत अनुस्वार, खालच्या ओळीत प्र-क्र मधली र ची तिरकी रेघ. शेजारच्या अनामिकेकडे दीर्घ उकार आणि मात्रा. म्हणजे लिपीतल्या सगळ्यांत हलक्या, सगळ्यांत कमी शाईच्या खुणा सगळ्यांत हलक्या बोटांना. लोखंडी यंत्रावर याला फार मोठा अर्थ होता. तिथे अक्षर किती काळे उमटेल हे बोटाच्या जोरावर ठरे. भरीव अक्षराला जोर लागतो. अनुस्वाराच्या टिंबाला तेवढाच जोर दिला तर कागदाला भोक पडते. करंगळीचा मूळचाच मवाळ ठोका त्या टिंबाला नेमका पुरतो. उजव्या बाजूला तर्जनी र वर, मधले लांब बोट दंडावर, म्हणजे ज्यांचे काम अखंड चालणार त्या कळा भक्कम बोटांखाली. या मात्रा-उकारांच्या कळा दाबल्या की कॅरेज पुढे सरकत नसे, खूण आधीच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसे. त्यामुळे मराठी टंकनाचा आवाजही इंग्रजीहून निराळा होता : काही ठोके सरकते, काही जागच्या जागी. कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवरही अनुस्वार स्पष्ट आणि कागद अभंग, अशी प्रत ज्याच्या हातून निघे त्याच्याकडे महत्त्वाचे कागद आपोआप जात. ती ख्याती त्याच्या करंगळीने कमावलेली असे.

वेलांटीचे प्रकरण याहून खोल आहे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून रेमिंग्टनवर ती आधी मारायची. ‘जिल्हा’ म्हणजे वेलांटी, ज, अर्धा ल, ह, काना. इथवर ठीक. पण साहेब मजकूर सांगत आहेत आणि शब्द आला ‘स्थिती’. तोंडातून आधी स् निघतो, मग थ्, मग इ. टायपिस्टला मात्र पहिला ठोका त्या शेवटच्या इ चा मारायचा आहे, कारण वेलांटी अख्ख्या जोडाक्षराला कवेत घेऊन सुरुवातीला उभी राहते. म्हणजे अक्षर पुरते ऐकल्याशिवाय हात उचलताच येत नाही. कान पुढे, हात एक अक्षर मागे, आणि तरी दोघांत खंड नाही. धानाचा रोवणा करणाऱ्या बाईची नजर जशी हातातल्या पेंढीवर नसते, पुढच्या वितभर चिखलावर असते, तशी ही बोटे पुढच्या अक्षराच्या अंदाजावर चालतात. मराठी तीस शब्दांचा वेग इंग्रजी चाळिसाच्या बरोबरीने का मोजला जातो, याचे उत्तर मला या एका वेलांटीत बरेचसे सापडते. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत आजही मराठी ३० आणि इंग्रजी ४० अशीच अट असते, आणि ज्यांनी दोन्ही दिल्या आहेत त्यांना विचारले तर ते तीसलाच वजन देतात.

रफार याच्या उलट टोकाला. ‘अर्ज’ हा तहसीलच्या परिसरातला रोजचा शब्द. बोलताना र आधी, ज नंतर. रेमिंग्टनवर अ, ज आणि मग डोक्यावर रफार. लेखणीने लिहिताना आपणही असेच करतो, खालचे अक्षर पुरे करून मग वर आकडी देतो. यंत्राने लिहिणाऱ्या माणसाच्या मनगटाची सवय जशीच्या तशी उचलली आहे. आणि मग येतो या कळफलकातला माझा सर्वांत आवडता प्रसंग : आई. अ, काना, इ आणि रफार. ‘आई’ या शब्दात र कुठेही नाही. तरी बोट रफाराच्या कळेवर जाते, कारण दीर्घ ई च्या डोक्यावरची आकडी आणि रफाराची आकडी यांची वळणे सारखी आहेत. ई ला स्वतंत्र जागा देण्याऐवजी इ च्या डोक्यावर रफार चढवला आणि ई तयार झाली. मुंबई, शिपाई, भरपाई, सगळ्यांच्या शेवटी हा उसना घेतलेला रफार बसलेला आहे आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. उच्चाराशी काडीचाही संबंध न ठेवता केवळ आकाराच्या साम्यावर उभा केलेला हा स्वर पाहिला की रचनाकाराच्या धिटाईला दाद द्यावीशी वाटते.

१ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तिरोड्यातल्या प्रत्येक कागदाची एक ओळ बदलली. ‘भंडारा’ला सात ठोके लागत, त्यांत दोनदा शिफ्ट : एकदा भ च्या अंगाला, एकदा ड ला. ‘गोंदिया’ला आठ ठोके, पण शिफ्ट एकदाही नाही. ठोका वाढला आणि हात हलका झाला.

लोखंडी यंत्रे गेली. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले होते. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस त्यांनी उत्पादन थांबवले. टंकलेखनाची परीक्षाही आता महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद जीसीसी-टीबीसी या नावाने संगणकावर घेते. पण रेमिंग्टनची चाल संगणकात राहिली, ती कृती देवसारख्या टंकांमुळे. या टंकांची गंमत अशी की यंत्राच्या लेखी तिथे मराठी नसतेच. रोमन अक्षरांनाच देवनागरीचा पोशाख चढवलेला असतो. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की तिरोड्याच्या जागी एफ-आर-जे-के-एस-एम-के अशी रोमन अक्षरांची ओळ दिसते. बाकीच्यांना ते गचाळ वाटते. मुरलेला ऑपरेटर मात्र ती ओळ पाहून सरळ ‘तिरोडा’ असे वाचतो. आपल्या तालुक्यात डाकराम-सुकडीला चक्रधरस्वामींची यात्रा भरते. त्याच महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखल्या, जिथे एका अक्षराच्या जागी दुसरेच लिहिले जाई आणि जाणकार ते घडाघडा वाचत. त्या परंपरेच्या भूमीत एखादा ऑपरेटर रोमन कचऱ्यातून सातबाऱ्यावरचे नाव अचूक उचलतो, तेव्हा मला ते वाचन त्याच जातीचे वाटते : चिन्ह वेगळे, अर्थ वेगळा, आणि दोहोंमधली वाट बोटांना पाठ.

इनस्क्रिप्टची घडण अगदी दुसऱ्या वातावरणात झाली. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या कामातून भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिथे वाढले. त्याच सी-डॅकने पुढे १९९१ मध्ये परम हा महासंगणक बनवला. इनस्क्रिप्ट मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण म्हणून मांडली. आता लिपीचे आकार कसे दिसावेत याची काळजी संगणक वाहणार होता. दंड वाचवायचे कारण उरले नाही. कळफलकावर काय ठेवायचे, हे पहिल्यांदाच उच्चारावरून ठरवता येणार होते.

आणि काय ठरवले आहे! डावा हात स्वरांचा, उजवा हात मुख्यतः व्यंजनांचा. उजव्या हाताखालची मधली ओळ वाचा : प, र, क, त, च, ट. तिच्या वरची ओळ : ब, ह, ग, द, ज, ड. र आणि ह यांची जोडी सोडली तर खाली प त्यावर ब, खाली क त्यावर ग, त वर द, च वर ज, ट वर ड. खाली अघोष, वर घोष. शिफ्ट धरली की त्याच कळांवर फ, ख, थ, छ, ठ आणि वर भ, घ, ध, झ, ढ : म्हणजे शिफ्ट ही महाप्राणाची कळ. क चा घ करायचा तर बोट वर सरकवा आणि शिफ्ट धरा. शाळेत फळ्यावर पाठ केलेली वर्णमाला इथे बोटांच्या हालचालीत उतरली आहे. त्यातही बोटे वाटून दिली आहेत ती पाहावीत. तर्जनीकडे ओठांचे प-ब, मधल्या बोटाकडे कंठाचे क-ग, अनामिकेकडे दातांचे त-द, आणि करंगळीकडे टाळूचे च-ज व मूर्धन्य ट-ड. प्रत्येक बोटाला तोंडातले एकेक स्थान नेमून दिले आहे. वेदांच्या उच्चारांची प्रातिशाख्ये रचणाऱ्यांनी जीभ कुठे लागते हे ज्या काटेकोरपणे नोंदवले, त्याच काटेकोरपणाने इथे बोट कुठे पडावे हे ठरले आहे, आणि ते कळल्यावर हा कळफलक पाठ करावा लागत नाही, तो समजतो.

डाव्या हाताची शिस्त तर त्याहून देखणी. मधल्या ओळीत ओ, ए, इ, उ यांच्या खुणा आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर औ, ऐ, ई, ऊ यांच्या. ऱ्हस्व इ-उ खाली, दीर्घ ई-ऊ वर. शिफ्ट धरली की खुणेऐवजी अख्खा स्वर. आता या ओळीत एक अडचण होती. काना वर आहे, तो आ चा. त्याच्या खाली ऱ्हस्व अ ची खूण हवी. पण अ ला खूणच नाही, तो प्रत्येक व्यंजनात मुळातच मुरलेला असतो. ती जागा रिकामी राहिली असती. तिथे त्यांनी हलन्त ठेवला. हलन्ताचे काम काय? व्यंजनातला अ काढून घेणे. आणि त्याच कळेवर शिफ्ट धरली की उमटतो तो अ. अ ची कळ आणि अ पुसण्याची कळ एकच! ज्याने ही जागा नेमली त्याने व्याकरण नुसते वाचलेले नव्हते, ते त्याच्या अंगात भिनलेले होते. मला या कळेपुढे थांबायला आवडते. डाव्या मधल्या बोटाखाली, फोनच्या पडद्याएवढीही नसलेली ती जागा, आणि तिच्यात लिपीच्या मर्माची इतकी नेमकी जाण.

आता सहा ठोक्यांचे ‘तिरोडा’ परत बोटांवर घ्या. त उजव्या हाताने, वेलांटी डाव्या, र उजव्या, ओकार डाव्या, ड उजव्या, काना डाव्या. एक हात ठोका देतो तेवढ्यात दुसरा पुढच्या कळेवर जाऊन तयार असतो. व्यंजन आणि स्वर एकाआड एक येणे हा मराठी शब्दांचा स्वभाव, म्हणून हातही आपसूक एकाआड एक चालतात. शिफ्ट एकदाही नाही. आपल्या गावाचे नाव इतके सरळ दोन्ही हातांत वाटले जावे, याचा मला आनंद होतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

‘आणि’ला मात्र इथेही सूट नाही. आ शिफ्टवर, ण शिफ्टवर. ळ सुद्धा शिफ्टवर. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी द्यायची म्हटल्यावर मराठीच्या या दोन लाडक्या व्यंजनांना खालची जागा मिळाली नाही. पण मराठीच्या उपयोगाची एक जागा मात्र इथे आहे, तिची फारशी कोणी दखल घेत नाही. र च्या कळेवर शिफ्ट धरली की नुक्त्याचा ऱ येतो. तो कशासाठी? नागझिऱ्याच्या वाटेवरची सुऱ्याची जखम, वाऱ्याने लोळवलेले धान, तहसीलदारांच्या शेऱ्यानुसार, या सगळ्या आखूड र साठी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधले खोल भाग, हा भेद मराठीत अर्थाचा आहे. ऱ, हलन्त, य असे तीन ठोके दिले की र पापणीसारखा वळतो आणि य ला बिलगतो. साध्या र ने सुरुवात केली तर तो रफार होऊन वर चढतो. दोन र मधला हा फरक ज्यांना ऐकू आला, त्यांनी तो भारतीय लिप्यांच्या संकेतांसाठीच्या १९९१ च्या इस्की प्रमाणातही ठेवला आणि युनिकोडमध्येही तो उतरला. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे लेखन प्रमाणित करताना ल आणि श यांच्या मराठी वळणाचा आग्रह धरला, त्यालाही हीच जाग आहे. आपल्या लिपीतला आपलेपणा अशा चिमुकल्या जागांत असतो.

फोनबद्दल थोडेच. पोरे रोमनमध्ये टी-आय-आर-ओ-डी-ए असे लिहितात आणि फोन तिरोडा, टिरोडा असे पर्याय पुढे करतो. निरोप पाठवायला ते पुरेसे आहे, बोलून लिहिण्याची सोय तर म्हाताऱ्या माणसांना वरदान ठरली आहे. पण न की ण, ल की ळ, वेलांटी पहिली की दुसरी, हा निवाडा तिथे यादीतून होतो. दाखल्यावरच्या नावाला मी तरी कळफलकावरचा हातच मागेन.

आणि आता या दोन वाचनांची जिथे गाठ पडते तिथे जाऊ. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो, म्हणजे इनस्क्रिप्टच्या बाजूने. पण रेमिंग्टनवर बसलेले हात एका शासन निर्णयाने बदलत नाहीत, म्हणून रेमिंग्टनच्या कळांवर युनिकोड उमटवणारी साधने निघाली. तिरोड्यातल्या कितीतरी टेबलांवर आज हेच चालते. या साधनांचे काम वरून दिसत नाही. बोट आधी वेलांटीवर पडते. साधन ती हाती धरून ठेवते, त येईपर्यंत वाट पाहते आणि साठवताना त आधी, वेलांटी मागे असे लावते. पुसायची कळ दाबली तर आधी वेलांटी जाते, जरी बोटाने ती आधी मारली होती. ‘आई’च्या शेवटी रफार आला की तो रफार नव्हे, ही दीर्घ ई आहे, हे ते ओळखते. ‘वर्षा’ हा शब्द घ्या. हात देतो व, ष चे अंग, दंड, काना, रफार. साधनाने पहिला दंड ष मध्ये विरघळवायचा, दुसरा काना म्हणून राखायचा, शेवटचा रफार उचलून ष च्याही आधी न्यायचा आणि तिथे त्याचे र आणि हलन्त असे दोन तुकडे करायचे. साठवले जाते ते व, र, हलन्त, ष, काना. पाच ठोके मारले, पाचच संकेत साठले, आणि त्यांतला एकटा व तेवढा आपल्या मूळ जागेवर राहिला.